ऐतिहासिक साधन प्राथमिक की दुय्यम, हे कसे ठरवावे

आपल्या प्रश्नाचा थेट पुरावा देणारे साधन प्राथमिक, अशा पुराव्यावरून नंतर कोणी रचलेले ते दुय्यम. म्हणून आधी प्रश्न लिहून काढावा. ‘राजर्षी शाहूंचे कार्य’ हा विषय झाला. ‘१९०२ च्या राखीव जागांच्या आदेशानंतर करवीर (कोल्हापूर) संस्थानच्या नोकऱ्यांत कोणाची भरती झाली?’ हा प्रश्न झाला. मग प्रत्येक साधनापुढे लेखक, काळ आणि लिहिण्याचे प्रयोजन टिपावे.

खरी अडचण यानंतर येते. ‘जुने ते प्राथमिक, नवे ते दुय्यम’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो आणि तो कुचकामी आहे. कागदाचे वय पाहून काही ठरत नाही, आपण त्याला काय विचारतो यावर सारे ठरते. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची आहे. शिवकालातील घटनांसाठी ती दुय्यमच धरावी, परंतु त्या काळच्या सातारा दरबारात शिवछत्रपतींची प्रतिमा कशी होती असे विचारल्यास तीच प्राथमिक साधन ठरते. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या निधनानंतरची. ती अधिक जवळची असली तरी तिला समकालीन पत्राच्या पंक्तीला बसवू नये.

छापील साधनखंडांत, म्हणजे मूळ कागदपत्रे छापणाऱ्या ग्रंथांत, तर दोन्ही प्रकार एकाच पानावर नांदतात. मूळ पत्राचा मजकूर प्राथमिक. संपादकाची प्रस्तावना, मथळा आणि तळटीप दुय्यम. विशेष जपावे ते तारखेला. अनेक मोडी पत्रांच्या अखेरीस नुसते ‘छ ११ रजब’ (रजब या मुसलमानी महिन्याचा अकरावा चंद्र) अशा धर्तीचे काही असते, आणि वर्ष संपादकाने संदर्भावरून ताडून कंसात घातलेले असते. ते वर्ष पत्राचेच समजून त्यावर घटनाक्रम रचणारे प्रबंध मी पुष्कळ वाचले आहेत, आणि कंसाकडे लक्ष न देणाऱ्याच्या बाकीच्या निष्कर्षांवरही माझा विश्वास बसत नाही.

प्राथमिक म्हणजे खरे, असेही मानू नये. २६ जुलै १९०२ च्या आदेशात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असे म्हटले आहे. त्यावरून आदेश निघाला एवढेच सिद्ध होते; जागा प्रत्यक्षात कोणाला मिळाल्या, यासाठी नेमणुकांच्या नोंदीच शोधाव्या लागतात.

कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाण्यापूर्वी मोडी शिकावी. तेवढा वेळ नसेल तर देवनागरीतल्या लिप्यंतरावर काम भागवावे, मात्र संदर्भ देताना रुमालातला (कापडात बांधलेल्या दप्तरातला) मूळ कागद पाहिल्याचा आव न आणता लिप्यंतराचाच उल्लेख करावा.