जीपला मोठे टायर घालायचे, तर गाडी उचलायची किती?

उभं आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय कशाला हात लावायची मला सवय नाही. तरी जीप उचलताना मी नेमकं उलटं केलं. आधी लांब शॅकल (पाट्यांच्या स्प्रिंगचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) आणून ठोकले आणि मग त्यात कुठला टायर मावतो ते शोधत बसलो. तुम्ही टायर आधी ठरवा. गाडी किती उचलायची ते टायरच सांगतो.

लिफ्ट केली की गाडी उंच दिसते, पण खाली वाकून बघा. डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांना जोडणाऱ्या ऍक्सलवरचा गिअरचा फुगवटा) होता तिथेच असतो, आणि वाटेतला दगड लागतो तो त्या गोळ्यालाच. तो वर जातो फक्त टायरमुळे, आणि तोही व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्यानेच. माझे जुने टायर २३५/७५ आर १५ होते. २३५ मिमी रुंदीचे ७५ टक्के म्हणजे १७६ मिमीची भिंत, ती वर एक आणि खाली एक, मध्ये १५ इंची म्हणजे ३८१ मिमीची रिम. व्यास झाला ७३३ मिमी. नवा टायर ३१ इंची, म्हणजे ७८७. वाढ ५४ मिमीची, गोळा वर गेला २७ मिमी. एवढ्यासाठी इतका खटाटोप? हो. फसलेल्या गाडीखाली ज्याने हाताने माती उकरलीय त्याला २७ मिमीची किंमत विचारा.

आता हा टायर अडतो कुठे ते बघायचं. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत सगळं छान मावतं, त्याला भुलू नका. कुणाकडून तरी त्या मापाचं एक चाक मागून आणा. मी पुढच्या दोन्ही बाजूंचा मुख्य पाटा तेवढा ठेवला आणि बाकीचे पाटे काढून घेतले, म्हणजे ऍक्सल वरपर्यंत जाऊ शकतो. मागच्या चाकांना दगड लावले, चासीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) ठेवल्या, टायरच्या कडांना खडू फासला आणि ते चाक लावलेल्या बाजूचा ऍक्सल जॅकने वर नेत गेलो. दर दोन इंचांना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. थोड्या वेळाने मडगार्डच्या आतल्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, बोटभर लांबीची पांढरी रेघ उमटली. दुसरी उमटली पाट्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर. ही दुसरी रेघ लिफ्टने जात नाही. तिला रिमचा ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) बदलावा लागतो किंवा स्टिअरिंगचा स्टॉप-बोल्ट, म्हणजे चाक किती वळेल ते अडवणारा बोल्ट, थोडा बाहेर काढावा लागतो. मी बोल्ट थोडा बाहेर घेतला. गाडी वळायला जागा जास्त घेते, पण चालतं.

पहिली रेघ जाईल एवढीच गाडी उचलायची. माझं उत्तर आलं ४० मिमी. बाकीचं काम बंप स्टॉपने, म्हणजे ऍक्सलला वर जाताना अडवणाऱ्या गुटक्याने, केलं: तो ठोकळा लावून लांब केला की टायर मडगार्डला लागायच्या आधी ऍक्सल थांबतो.

पाट्यांच्या गाडीत उंची वाढवायचे मार्ग तीन. जास्तीचा पाटा घालणे स्वस्त, पण गाडी टणक होते. जास्त कमानीचा नवा संच सगळ्यात चांगला. आणि लांब शॅकल, ज्यात शॅकल जितका लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते. कॉइलच्या गाडीत स्प्रिंगवर स्पेसर येतो किंवा लांब स्प्रिंग येते, मात्र पॅनहार्ड रॉड (ऍक्सलला चासीशी आडवी बांधणारी दांडी) असेल तर ऍक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही मडगार्डवरून ओळंबा सोडा, लगेच कळेल. टॉर्शन बारच्या गाडीत (जिथे पिळणारी दांडीच स्प्रिंगचं काम करते) बोल्ट पिळून गाडी वर येते खरी, पण चाक खाली जायला तेवढीच कमी जागा उरते आणि शाफ्टचे जॉइंट तिरके होऊन बूट फाटतात. तिथे मी इंचभराच्या पुढे जाणार नाही.

प्रत्यक्ष कामात एका वेळी एकच ऍक्सल घ्या. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. वजन घोड्यांवर, ऍक्सल जॅकवर, मग शॉकअप सोडवा, ब्रेकच्या पाइपवर डोळा ठेवून ऍक्सल हळूहळू खाली घ्या. पाटा बसवताना सेंटर बोल्टचं (सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं ऍक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय का ते बोटाने चाचपून बघा, डोळ्यावर विसंबू नका. पाटा ऍक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात. चारही नट कात्रीत, थोडे थोडे आवळा आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, दोनदा हलवून मगच आवळायचे. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

आता माझी फजिती. माझ्या जीपला पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला तसा ऍक्सल वरच्या बाजूने पुढे कलला, कॅस्टर गेला, म्हणजे चाक आपोआप सरळ आणणारा मागचा कल गेला. गाडी रस्त्यावर नेली तर वळणानंतर स्टिअरिंग परत येईना आणि सरळ रस्त्यावर ती दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. उपाय म्हणजे पाटा आणि ऍक्सलच्या मध्ये तिरकी पाचर. माझ्याकडे ऍक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. तुमचा ऍक्सल पाट्याखाली असेल तर जाड बाजू मागे. मी ३ अंशांची घेतली, पोलादाची. ऍल्युमिनियमची पाचर दाबाखाली चुरते. सेंटर बोल्टही तेवढा लांब लागतो. पण हात आखडता ठेवा: पाचरीने कॅस्टर परत येतो तसं पिनियनचं नाक, म्हणजे डिफरन्शियलचं प्रॉपेलर शाफ्ट जोडलेलं तोंड, खाली जातं आणि इंजिनाची ताकद आणणाऱ्या त्या शाफ्टचा क्रॉस (सांधा) जास्त तिरका चालतो. शाफ्ट घुमायला लागला, थरथर आली, की समजा हद्द झाली. यानंतर अलाइनमेंट करून घ्यावीच लागते.

ऍक्सल पूर्ण खाली लोंबकळवून ब्रेकचे रबरी पाइप बघा. माझा मागचा पाइप तारेसारखा ताठ झाला होता, लांब घ्यावा लागला. शॉकअपचंही तेच. पूर्ण उघडल्यावर ऍक्सलला अडवणारा शॉकअप स्वतःची बैठक उपटतो. म्हणून जुना सोडवून ठेवा, ऍक्सल खाली असताना आणि बंप स्टॉपला टेकलेला असताना दोन्ही बैठकांमधलं अंतर मोजा, आणि त्या दोन्ही मापांत मोकळा राहणारा शॉकअप मागा.

स्पीडोमीटर आता कमी दाखवतो: काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६४ ने चाललेली असते. गिअरही तेवढेच जड झाले, चढावर आधी तिसऱ्यात निघायची तिथे दुसरा लागतो. ब्रेकला पूर्वीपेक्षा जास्त अंतर लागतं, पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून लांबच राहा. हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचा शिव्या देईल. नोंदणीचे आणि विम्याचे नियम टायर विकत घ्यायच्या आधी विचारून ठेवा.

आणि टायर पाच घ्या, चार नव्हे. पाचवा मागच्या दारावरच्या जुन्या बिजागऱ्यांना झेपत नाही. माझं दार दुसऱ्याच महिन्यात लोंबायला लागलं, तेव्हा तो टायर चासीला जोडलेल्या वेगळ्या ब्रॅकेटवर गेला.