गिरणगावातला पहिला मुक्काम: कोकणातून मुंबईत नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी किंवा घरच्या माणसाच्या उपचारासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला येणाऱ्या प्रत्येकापुढे पहिला प्रश्न असतो तो पाठ टेकायला जागा कुठे मिळेल हा. तो गाडीत बसण्यापूर्वीच सुटलेला असावा, असे माझे ठाम मत आहे. मी मूळचा राजापूर तालुक्यातला. लालबागेत स्थिरावून आता बराच काळ लोटला असून गावाकडून येणारी मुले आजही आमच्याकडे हीच चौकशी करतात. त्यांना तोंडी जे सांगतो, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

मुंबईत उतरायचे झाल्यास परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, लोअर परळ या जुन्या गिरणगावाचा विचार आधी करावा. कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी 1856 पासून चालू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. कोकणातल्या वरकस जमिनीवर आणि एका भातपिकावर वर्षाचे पोट भरत नसल्यामुळे घरटी एक-दोन पुरुष बायकामुलांना गावी ठेवून या गिरण्यांत कामाला येत. एकट्या माणसाने कमी पैशांत, पण अब्रूने राहावे यासाठी जे काही लागते, ते सर्व त्या लोकांनी येथे स्वतः उभे केले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, भोंगे थांबले, फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला आणि कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आली. तरीही त्या जुन्या व्यवस्थेतले पुष्कळ काही अजून शिल्लक आहे आणि नवख्या माणसाच्या ते आजही उपयोगी पडते. शिवाय येथून मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांची स्थानके पायी गाठता येतात, ही सोय मुंबईत फार थोड्या ठिकाणी आहे.

गाडी कोणत्या वेळेला पोहोचते, यावर पहिल्या रात्रीची सोय अवलंबून असते. तुतारी एक्स्प्रेस पहाटे-सकाळी दादरला येते आणि कोकणकन्याही साधारण त्याच सुमारास मुंबईत शिरते. मांडवी व जनशताब्दी मात्र रात्री पोहोचतात. पावसाळी वेळापत्रकात या वेळा बदलतात आणि रेल्वेच्या कामांमुळे एखादी गाडी अलीकडच्याच स्थानकात थांबवली जाते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. नवख्याने, शक्य असेल तर, पहाटे पोहोचणारी गाडीच धरावी. रात्री अकरा वाजता हातात दोन पिशव्या घेऊन लॉज शोधणाऱ्या माणसाला मिळेल ती खोली, सांगतील त्या भाड्याने घ्यावी लागते. रात्रीच पोहोचणे भाग असेल, तर स्थानकावरील विश्रामकक्ष किंवा डॉर्मिटरी आरक्षित तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर आधी नोंदवून ठेवता येते. मुंबई सेंट्रल स्थानकात 2021 पासून कप्प्याकप्प्यांची झोपण्याची सोयही आहे. एका रात्रीपुरते हे पर्याय चांगले आहेत, पण चार दिवस राहायचे असेल तर ते परवडत नाहीत. पहाटे उतरल्यावर सामानासह लोकल पकडायची असेल, तर ती आठच्या आत पकडावी. त्यानंतर तीन तास मोठी पिशवी घेऊन डब्यात शिरणे आपल्यालाही धोक्याचे असते आणि इतरांनाही.

आता लॉज किंवा गेस्ट हाऊसविषयी. दादर, परळ आणि भायखळ्याच्या परिसरात साधी, स्वच्छ गेस्ट हाऊसे आहेत आणि केवळ नावाची गेस्ट हाऊसेही आहेत. फोनवर भाडे विचारताना आणखी तीन गोष्टी त्याच वेळी विचारून घ्याव्यात: सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरला आहे का, दिवस चोवीस तासांचा मोजतात की दुपारी बाराला खोली सोडावी लागते, आणि संडास-न्हाणी खोलीतच आहे की सामाईक. यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहाटे सहाला खोली घेतली आणि दिवस दुपारी बाराला संपत असेल, तर सहा तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे भरावे लागते. संकेतस्थळावरून आगाऊ पैसे भरण्यापूर्वी लॉजच्या क्रमांकावर स्वतः बोलावे आणि तुमचे ओळखपत्र चालते ना, हे विचारावे. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, आणि हे दारात उभे राहिल्यावर कळण्यात अर्थ नसतो. मूळ आधार कार्ड जवळ ठेवावे, झेरॉक्सच्या दोन प्रती वेगळ्या ठेवाव्यात.

खोली पाहिल्याशिवाय वहीत नाव लिहू नये. पाहणे म्हणजे दारातून डोकावणे नव्हे. आत जाऊन गादीचा कोपरा उचलावा आणि शिवणीच्या दुमडीत बारीक काळे ठिपके दिसतात का, ते मोबाइलच्या उजेडात पाहावे. ते ढेकणांचे असतात, आणि ढेकूण एकदा पिशवीत शिरले की तुम्ही जिथे पुढे राहायला जाल तिथेही तुमच्याबरोबर येतात. नंतर नळ सोडून पाहावा. जुन्या मुंबईत पाण्याला वेळ असते, ती कोणती आणि त्यानंतर टाकीचे पाणी मिळते का, हे विचारावे. दाराची कडी आतून नीट बसते का, खिडकी उघडते का, आणि जिन्याखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हेही पाहावे. परळ-लालबागच्या कित्येक इमारती शंभरीच्या घरातल्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा दरवर्षी अतिधोकादायक उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी जाहीर करते, त्यामुळे स्वस्त जागा अशा इमारतीत तर नाही ना, याची चौकशी शेजारच्या दुकानदाराकडे अवश्य करावी. भाडे दिल्यावर पावती मागावी, आणि ती देण्यास जो नाखूश असेल त्याच्याकडे दुसरी रात्र काढू नये.

लॉजमध्ये दोन किंवा तीन रात्रींपेक्षा अधिक राहण्याची योजना आखू नये. तेवढ्या वेळात पुढची सोय करायची असते, आणि त्यात सर्वांत आधी पाहायची ती आपल्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची खोली. कोकणातल्या अनेक गावांनी, कधी कधी एकेका वाडीने, गिरणीच्या काळात वर्गणी काढून या भागातल्या चाळींत खोल्या घेतल्या. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे कशी राहत, हे आज अनेकांना खरे वाटत नाही. त्याचे उत्तर पाळ्यांमध्ये होते. रात्रपाळीची माणसे कामावर गेली की दिवसपाळीची माणसे त्याच जागेवर पथारी टाकत. भिंतीला लागून एकावर एक ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात गुंडाळलेल्या वळकट्या आणि दाराशेजारी देवाचा फोटो, असे त्या खोलीचे रूप असे. अशा काही खोल्या आजही तशाच चालू आहेत, माणसे मात्र कमी झाली आहेत. काही चाळींचा पुनर्विकास झाल्यावर मंडळाची खोली टॉवरमधल्या सदनिकेत गेली आहे आणि तिथे सोसायटीचे नियम लागू झाले आहेत.

मंडळाच्या खोलीत जागा मिळवण्याची एक रीत आहे आणि ती पाळली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. थेट दारात जाऊन उभे राहू नये. गावातल्या जाणत्या माणसाकडून मुंबईच्या मंडळाच्या सेक्रेटरींना आधी निरोप द्यावा, वडिलांचे नाव, वाडी आणि कामाचे स्वरूप सांगावे, आणि किती दिवस राहणार हे खरे सांगावे. मासिक वर्गणी फार नसते, ती वेळेवर द्यावी. रात्री दिवा मालवण्याची वेळ, केर काढण्याची पाळी, पाणी भरण्याची पाळी, दारू पिऊन न येणे, बाहेरचा माणूस मुक्कामाला न आणणे, हे नियम कडक वाटतील. परंतु एवढ्या छोट्या जागेत इतकी माणसे वर्षानुवर्षे भांडणाशिवाय राहू शकली, ती या नियमांमुळेच. मोबाइलवर मोठ्याने बोलायचे असेल तर गॅलरीत जावे. मौल्यवान वस्तू आणि मूळ प्रमाणपत्रे कुलपाच्या पेटीत ठेवावीत. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: खोलीतल्या वयस्कर माणसांशी रोज दोन शब्द बोलावेत. त्यांना कोण कुठे नोकरीला आहे, कोणत्या कंपनीत माणूस हवा आहे, कोणता दलाल फसवतो, हे सगळे ठाऊक असते, आणि ते आपण होऊन सांगत नाहीत, विचारल्यावर सांगतात.

या खोल्या पुरुषांसाठी आहेत, ही त्यांची मोठी मर्यादा आहे आणि ती मला खटकते. मुलींनी नोकरदार महिलांचे वसतिगृह किंवा एखाद्या कुटुंबाकडील पेइंग गेस्टची जागा आधीपासून शोधावी, आणि पहिल्या वेळी घरच्या माणसाला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन ती पाहावी. रात्री परतण्याची वेळ वसतिगृहाच्या नियमात बसते का, हे नोकरीची पाळी कळल्यावरच ठरवता येते. म्हणून आगाऊ तीन महिन्यांचे पैसे भरण्याची घाई करू नये.

मंडळाची खोली नसेल, तर कॉट बेसिसवर जागा मिळते, म्हणजे भाडे एका खाटेचे आणि खोली चौघांत. अनामत रक्कम देण्यापूर्वी जागा दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा पाहावी. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार, नोंदणीकृत असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 सांगतो आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची असते. पोलीस पडताळणीला कंटाळू नये. जो मालक कागद करायला तयार नाही, तो अनामत परत द्यायलाही तयार नसतो, हे अनुभवाने सांगतो.

स्वस्त आणि महाग यांचा हिशेब केवळ भाड्यावर करू नये. दूरच्या उपनगरात भाडे निम्मे असेल, परंतु कामाची जागा लोअर परळला असल्यास रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात, दुपारचे जेवण बाहेर घ्यावे लागते आणि रात्री स्वयंपाकाचे त्राण उरत नाही. भाडे, दोन वेळचे जेवण, लोकलचा मासिक पास आणि धुलाई ही चारही अंगे कागदावर मांडून मगच जागा ठरवावी. जेवणासाठी खानावळ शोधावी. गिरणी कामगारांसाठी घरोघरी डबे करणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले, इतके हे काम या वस्तीत मोठे होते. आजही चाळीत घरगुती डबा देणारे घर विचारत गेले की सापडते. भात, कढी, एक भाजी आणि आठवड्यातून दोनदा मासळी असा डबा लागला की हॉटेलच्या खाण्याने होणारा पोटाचा त्रास आणि खर्च दोन्ही टळतात.

उपचारासाठी येणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. केईएम आणि टाटा ही दोन्ही रुग्णालये परळला असल्यामुळे कोकणातली कितीतरी कुटुंबे येथे आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांनी लॉजवर पैसे घालवण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन रुग्ण व नातेवाइकांच्या निवासाची चौकशी करावी. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांसाठीच चालते. जागा नेहमी लगेच मिळते असे नाही, त्यामुळे रुग्णाचे कागद आणि दोघांची ओळखपत्रे घेऊन पहिल्याच दिवशी जावे. रुग्णाला जिने चढवत नसतील, तर लॉज घेताना तळमजला किंवा लिफ्ट मागावी. मात्र पावसाळ्यात हिंदमाता परिसरातला तळमजला टाळावा, कारण मोठ्या पावसात तिथे पाणी भरते.

मुक्कामाच्या तारखा ठरवताना दोन काळ लक्षात ठेवावेत. 6 डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात, त्यामुळे दादर परिसरात जागा मिळणे कठीण असते. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते दहा दिवस गर्दीने भरलेले असतात, लॉजचे भाडे चढते आणि सामान घेऊन गल्लीत शिरणेही अवघड होते. त्याच दिवसांत आपले चाकरमानी गावी गेलेले असल्याने मंडळाची खोली रिकामी असते, परंतु किल्ली देणारा माणूसही मुंबईत नसतो. म्हणून नोकरीवर रुजू होण्याची तारीख भाद्रपदात असेल, तर सेक्रेटरींशी श्रावणातच बोलून किल्ली कोणाकडे राहील हे ठरवून घ्यावे.

जागा सोडतानाही नीट सोडावी. कॉटची जागा असल्यास करारात लिहिलेल्या मुदतीची सूचना लेखी द्यावी, विजेचे बिल भरल्याची पावती जपावी आणि अनामत हातात किंवा बँकेत आल्यावरच किल्ली द्यावी. मंडळाच्या खोलीतून निघताना सेक्रेटरींना कळवावे, ट्रंकेची जागा मोकळी करावी आणि नवा पत्ता व फोन क्रमांक मंडळाच्या वहीत लिहून द्यावा, म्हणजे वार्षिक सभेचे पत्र आणि गावाकडून येणाऱ्या पुढच्या मुलाचा निरोप तुमच्यापर्यंत पोहोचेल.