बाईकवर सोलता येणारा रबर स्प्रे मारताय? आधी या चुका टाळा

मूळ रंग शाबूत ठेवून गाडी दोन वर्षं मॅट काळी फिरवायची, कंटाळा आला की साल काढून टाकायची. सोलता येणाऱ्या रबर स्प्रेचं आकर्षण हेच आहे. प्लास्टी डिप हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. पक्कड-पान्ह्यांच्या मुठी बुडवून काढायच्या आणि त्यांना रबरी पकड द्यायची, हा त्याचा मूळ धंदा; गाड्यांवर तो नंतर आला. आता त्याच जातीचे ४०० मिलीच्या आसपासचे डबे इतर अनेक नावांनी मिळतात.

मारायला सोपा आहे म्हणूनच तो बिघडतोही चटकन. ज्यांचा बिघडतो ते बहुतेकदा त्याला रंग समजून मारत असतात. रंग पत्र्याला चिकटतो. ही साल पत्र्याला फारशी धरत नाही, ती स्वतःला धरून राहते. त्यामुळे ती सलग आणि जाड असेल तरच टिकते आणि तरच अखंड निघते.

रंग झाकला गेला की थांबणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. तिसऱ्या हातानंतर खालचा लाल रंग दिसेनासा होतो, डब्यात अजून माल असतो, आणि माणूस म्हणतो, झालं. दिसायला झालेलंच असतं. सहा महिन्यांनी साल काढायला गेलं की नखाएवढे तुकडे निघतात आणि एका साइड कव्हरला अख्खा दिवस जातो.

हात किमान पाच द्या, सहा दिले तर उत्तम. पहिला हात धुक्यासारखा हवा, म्हणजे खालचा रंग निम्मा तरी दिसत राहिला पाहिजे. याच हाताला सगळं झाकायला गेलात तर ओघळ आलेच म्हणून समजा. दुसऱ्या हातापासून पृष्ठभाग ओलसर, तुकतुकीत दिसेल इतपत मारा. डबा १५ ते २० सेंटिमीटर लांब आणि उभा धरा. बटण भागाच्या बाहेर दाबा, भाग ओलांडून गेल्यावर सोडा, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढू द्या. दोन हातांमध्ये १५-२० मिनिटं, दमट दिवस असेल तर अर्धा तास. डबा सुरुवातीला निदान एक मिनिट हलवायचा आणि मधूनमधून पुन्हा.

माल किती लागतो? १०० ते १५० सीसीच्या साध्या गाडीची टाकी एक ते दीड डबा खाते. दोन्ही साइड कव्हर आणि पुढचं मडगार्ड मिळून साधारण एक, दोन अलॉय व्हीलना दोन ते तीन. सगळे डबे एकदम आणि एकाच नावाचे घ्या. पिवळा किंवा फ्लुरोसंट रंग हवा असेल तर खाली पांढऱ्या रबराचे दोन-तीन हात लागतात, त्याचा माल वेगळा धरा. काळ्या गाडीवर थेट पिवळा मारला तर तो मळकट शेवाळी दिसतो.

जाडी कळायची युक्ती साधी आहे. बाईकशेजारी एखाद्या जुन्या स्टीलच्या डब्याचं झाकण ठेवा आणि प्रत्येक हात त्याच्यावरही मारा. चार-पाच तासांनी झाकणावरची साल सोलून बघा. फुग्यासारखी ताणली जाऊन एका तुकड्यात निघाली तर गाडीवरचीही निघेल. तुटली तर अजून दोन हात.

आधीच पातळ मारून बसला असाल तरी हरकत नाही. ते खरवडत बसू नका. स्वच्छ धुवा, वाळवा, त्यावरच तीन-चार हात द्या आणि रात्रभर ठेवा. नव्या हातातलं द्रावक खालच्या सालीला किंचित विरघळवतं, दोन्ही एकजीव होतात आणि दुसऱ्या दिवशी जुनी-नवी साल मिळून निघते. जुन्या सालीला नंतर टचअप करता येतं तेही याचमुळे.

टाकी आणि पेट्रोल

वर ज्या गुणाचं कौतुक केलं, तोच इथे उलटतो. ही साल पेट्रोलियम द्रावकांत विरघळते, आणि पेट्रोल म्हणजे तेच. पंपावर पोरगा नोझल बाहेर काढताना दोन थेंब टाकीवर पडणारच. लगेच पुसले तरी चट्टा उरतो. तसेच राहिले तर साल सुरकुतून चिकट होते. झाकणाचं रबर जुनं असेल तर फुल टाकीने ब्रेक मारल्यावर झिरपलेलं पेट्रोल तोंडाभोवतीची साल आतून सोडवतं, आणि ते वरून दिसत नाही.

रोजच्या वापराच्या गाडीवर टाकी सोडून द्यावी, हे आमचं स्पष्ट मत. साइड कव्हर, मडगार्ड आणि व्हील एवढंच केलं तरी गाडी वेगळी दिसते. टाकी करायचीच असेल तर झाकणाभोवती दोन-तीन बोटं रुंद गोल पट्टा मूळ रंगाचा ठेवा, म्हणजे सालीची कड पेट्रोलच्या तोंडाशी येणार नाही. झाकणाचं जुनं रबर बदला, आणि पेट्रोल भरताना फडकं स्वतः धरा.

झाकणावर स्प्रे मारायचा मोह आवरा. त्यात हवा आत घेणारं बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली उतरत नाही, गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते आणि मेकॅनिक उगाच कार्बोरेटर खोलत बसतो.

साल पेट्रोलियम द्रावकांत विरघळते, म्हणून सर्व्हिसिंगला गाडी देताना एक गोष्ट सांगायला विसरू नका: वॉशिंगला डिझेल किंवा रॉकेल मारायचं नाही. आपल्याकडे चिखल सुटावा म्हणून ते सर्रास फवारतात, त्यानंतर वर पॉलिशचा हात. दोन्ही सालीला मारक. साधा शाम्पू आणि मऊ कापड पुरतं. प्रेशरचा फवारा थेट कडांवर धरू नका.

तेलकट पृष्ठभाग

चेन लूबचे (चेनला मारायच्या तेलाचे) शिंतोडे मागच्या व्हीलवर, ते धरणाऱ्या स्विंगआर्मवर आणि कधीकधी साइड कव्हरच्या खालच्या कडेवरही असतात. ते रॉकेलने काढतात, आणि मग रॉकेलचा तेलकट थर तसाच राहतो. त्यावर मारलेली साल पहिल्या पावसात सुटते. रॉकेलनंतर शाम्पूने दोनदा धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सिलिकॉन असलेलं पॉलिश राहिलं असेल तर स्प्रे त्या जागेवरून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे दिसतात. तसं दिसलं की तिथेच थांबा. वरून कितीही हात दिले तरी ते भरत नाहीत, तो भाग सोलून पुन्हा पुसावाच लागतो.

पॉलिश पेपर मारू नका. रंगाला पकड मिळावी म्हणून घासतात, इथे पकड नकोच आहे. दाणेदार, खरबरीत प्लास्टिकवर हीच अडचण येते. साल खाचांत बसते आणि निघता निघत नाही.

बॅजच्या मागे आणि टाकीच्या खालच्या शिवणीत धुतल्यावर पाणी अडतं. अर्धा तास उन्हात ठेवून, मग सावलीत आणून पत्रा गार झाल्यावर कामाला लागा, नाहीतर तिसऱ्या हाताला थेंब ओघळून येतो. गंज असेल तर आधी तो काढा. साल गंजाला थांबवत नाही, झाकते फक्त. आणि खाली ओल राहिली तर गंज वाढतच जातो. पोचा तर उलट मॅट काळ्यात जास्त उठून दिसतो.

नुकताच रंगवलेला भाग असेल तर निदान महिनाभर थांबा. कच्च्या रंगावर या स्प्रेचं द्रावक सुरकुत्या आणतं. पोपडे धरलेला जुना रंगही धोक्याचा, कारण साल काढताना तो सालीबरोबर येतो.

हवा न बघता सुरुवात

२० ते ३० अंश, कोरडी हवा, वारा नाही, थेट ऊन नाही. घाटावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस यासाठी चांगले. मुंबई-कोकणात जुलैत डबा उघडूच नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि काळ्यावर पांढुरकं धुकं येतं. हे धुकं पुष्कळदा वाळल्यावर जातं. नाही गेलं तर कोरड्या दिवशी एक पातळ हात दिला की बसतं. लगेच पुसायला मात्र जाऊ नका.

उन्हाचं उलट. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच वाळतात आणि पृष्ठभाग सिमेंटसारखा खरबरीत होतो. डबा फार लांब धरला तरी तेच. यावर जवळून एक ओला हात दिला तर बरंच सपाट होतं. ओली साल उन्हात ढकलली तर वरचा पापुद्रा आधी धरतो, आतलं द्रावक अडकतं आणि बुडबुडे उठतात.

थंडीत डबा गार असेल तर फवारा थुंकतो. कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा. गॅसवर, गिझरजवळ किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही. फवारा ज्वालाग्राही असतो, त्यामुळे देवघरातल्या समईपासून गॅस गिझरपर्यंत काहीही पेटतं नको. कापडी मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं काडतूस असलेला मास्क घाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारणार असाल तर शेजारच्या गाड्या आधी हलवायला सांगा. उडालेली रबरी पूड पाच-सहा फुटांवरच्या काचेवरही बसते, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघते.

जिथे मारायचाच नाही

सायलेन्सर, बेंड पाइप, इंजिनच्या फिन्स: ९० अंशांच्या पुढे ही साल टिकत नाही, आणि सायलेन्सर त्याच्या कैक पट तापतो. धूर, वास, आणि शेवटी करपून बसलेला थर. फिन्सवर ती उष्णता बाहेर जाण्यातही आड येते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यांवर मारली तर ऑइल सील तिचे तुकडे ओढून घेतं. डिस्क, कॅलिपर आणि ब्रेक पॅड पिशवीत गुंडाळून टेप लावा. डिस्कवर उडालंच तर ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय गाडी हलवू नका. हेडलाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट आणि स्टीअरिंगजवळ ठोकलेला चासी नंबर झाकायचे नाहीत. चेन, चेनचं चाक, फूटरेस्ट हे तर सांगायलाच नको.

व्हील करताना टायर झाकायला पत्त्यांचा जुना कॅट कामाला येतो. रिम आणि टायरच्या फटीत पत्ते एकमेकांवर चढवून खोचत जा. व्हॉल्व्हला टेप.

टेप उशिरा काढणं

शेवटच्या हातानंतर चहा प्यायला गेलात तर कड गेली. साल टेपवरून पत्र्यावर सलग पसरलेली असते. वाळल्यावर टेप ओढला की तिच्याबरोबर चांगली सालही फाटत येते. शेवटचा हात ओला असतानाच टेप सावकाश, स्वतःवर दुमडत काढा. उशीर झालाच तर टेपच्या कडेने नवं ब्लेड अगदी हलक्या हाताने फिरवा. ब्लेड टेपवरच चालवायचं. खालच्या रंगावर ओरखडा उठला तर तो कायमचा.

जमेल ते भाग काढून मारा. साइड कव्हर काढायला दोन मिनिटं लागतात आणि साल कडेवरून आतल्या बाजूला अर्धा इंच वळवता येते. अशी वळवलेली कड वाऱ्याने आणि गुडघ्याने उठत नाही. टाकी काढणार असाल तर आधी पेट्रोल कॉक बंद करा, पेट्रोल पूर्ण रिकामं करा, झाकण आणि पाइपचं तोंड बंद करून मगच फवारा.

ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग कापडाला टर्पेंटाइनचा थेंब लावून तो हलका टिपून सपाट करा आणि वर एक हात. चिलट बसलं तर ओल्यातच चिमट्याने उचला. डब्यातला माल तळाशी आल्यावर फवारा ठिपके टाकायला लागतो, म्हणून शेवटच्या हाताला नेहमी नवा डबा घ्या. बोटाला चार तासांत कोरडं लागलं तरी पुढचे दोन दिवस गाडी धुऊ नका आणि टँक बॅग, कव्हर घालू नका. कव्हरच्या शिवणीचे वळ उमटतात.

आरसी बघितली का?

आरसीवर रंग लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. सोलता येतो म्हणून हा रंगबदल नाही, हा युक्तिवाद नाक्यावर चालत नाही. टाकीसकट गाडीचा मुख्य रंगच बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, नोंद करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. आणि जुन्या बुलेटवाल्यांचा आवडता ऑलिव्ह ग्रीन विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२१ प्रमाणे तो रंग सैन्यदलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

सोलायला फार उशीर करणं

गाडी रोज उन्हात उभी असेल तर साल हळूहळू ताण हरवते आणि कडक होते. दोन वर्षांनंतर वाट बघत बसू नका. एकतर वरून दोन हात देऊन तिला ताजी करा, नाहीतर काढा. सोलायला उबदार दुपार घ्या किंवा हेअर ड्रायरने भाग कोमट करा. नखाने नव्हे, बोटाच्या पेराने कड चोळत उचला आणि पत्र्याला समांतर, सावकाश ओढा. कोपऱ्यात आणि अक्षरांच्या खाचांत जे कण उरतील त्यांवर डब्ल्यूडी-४० मारून पाच मिनिटं थांबा, कापडाने चोळा आणि लगेच शाम्पूने धुवा. स्टिकर क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, वर चिकटवलेले असतील तर ते सालीबरोबर येऊ शकतात, म्हणून तिथे बोटाने स्टिकर दाबून धरत धरत पुढे सरका.