‘वारं लागंल’ म्हणून बाळाला उकडत ठेवू नका: उन्हाळ्यातल्या या चुका टाळा

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, त्यामुळे ‘आमच्याकडं कुठं एवढा उन्हाळा’ हे इथं सर्रास ऐकू येतं. खानापूरच्या कौलारू घरात ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण लेक बाळंतपणाला माहेरी गेली आणि ते माहेर अथणी-रायबागकडं, पत्र्याच्या घरात असलं, की एप्रिल-मे अंगावर येतो. आणि बाळंतिणीच्या खोलीचे नियम मात्र श्रावणातलेच राहतात. कुंची, मोजे, दुपट्याची घट्ट गुंडाळी, खिडकी बंद. माझ्या पाहण्यात उन्हाळ्यात बाळं हैराण होतात ती उन्हानं कमी, या बंदोबस्तानं जास्त.

हातपाय गार लागले म्हणून आणखी गुंडाळणं

‘पाय बर्फासारखे झालेत की गं पोराचे,’ असं म्हणत आज्जी मोजे चढवते. तान्ह्या बाळाचे हातपाय एरवीही थोडे गारच लागतात. खरं तापमान कळतं ते छातीवर किंवा मानेमागं हात ठेवून. तिथं घाम असला, अंग चटका लागल्यासारखं वाटलं, तर एक कपडा काढायचा. डोकं तर घरात उघडंच ठेवा. बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, उष्णता तिथून बरीच बाहेर पडते, आणि आपण नेमकं तेच झाकतो. झोपेत अति गुंडाळलेलं बाळ अचानक दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून ही बाब नुसत्या सोयीची नाही.

दुपारी एक सुती झबलं पुरतं. जुन्या धुतलेल्या लुगड्याचं असलं तर उत्तमच. लंगोट ओला झाला की लगेच बदला. खाली मेणकापड घालत असाल तर त्यावर जाड सुती कापड हवं, नाहीतर पाठ घामानं भिजून घामोळ्या उठतात. त्या घामोळ्यांवर पावडर थापू नका. ती घामात चिकटते आणि उडालेली पूड बाळाच्या छातीत जाते. साध्या पाण्यानं पुसून अंग उघडं ठेवलं की बहुतेक घामोळ्या आपोआप बसतात.

पंखा बंद, शेगडी चालू

पंखा थेट तोंडावर नको, एवढंच पथ्य आहे. खोलीत वारं फिरलंच पाहिजे. मात्र बाहेर ४० अंशांच्या वर पारा गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलणं आणि ओल्या फडक्यानं अंग पुसणं जास्त उपयोगी. कूलर लावलात तर खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होऊन बसते.

पत्र्याच्या घरात झोळी उंच टांगू नका. गरम हवा वर साचते आणि साडीच्या झोळीत वारं शिरत नाही. दुपारपुरतं बाळाला खाली फरशीवर, पातळ अंथरुणावर, उताणं झोपवा. पत्र्यावर ओली पोती टाकली तरी फरक जाणवतो. ओव्याची धुरी आणि खाटेखालची शेगडी या दिवसांत सरळ बंद करा. मी तर म्हणेन, धूर तान्ह्या फुप्फुसांना कुठल्याच ऋतूत नको. यावरून घरात वाद होतो, ठाऊक आहे. आज्जीला ‘तुमचं चुकतंय’ म्हणण्यापेक्षा ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलेलं लवकर पचतं.

पाणी बाळाला, आणि आईला मात्र नाही

इथं दोन्ही बाजूंनी उलटं चालतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी, साखरपाणी, गुटी काही लागत नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. फक्त पाजण्याच्या खेपा वाढवा. डब्याचं दूध देत असाल तर उन्हाळा आहे म्हणून ते जास्त पाणी घालून पातळ करू नका. आणि ‘बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, पोट सुटतं’ हा नियम विसरा. पाणी, ताक, नाचणीची आंबील, जे रुचेल ते तिला भरपूर द्या. सहा महिन्यांनंतर जेवणासोबत उकळून गार केलेलं पाणी घोटघोट चालतं.

लग्नसराईतला प्रवास

भर दुपारची बस आणि दुचाकीवर दोघांच्या मध्ये ओढणीत बांधलेलं बाळ, हे दोन्ही टाळा. निघायचंच तर सकाळी लवकर. मांडवात बाळावर कापड टाकून ‘सावली’ करतात, पण आत हवा कोंडते. बंद गाडीत ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं.

कधी थांबायचं नाही

बाळ सुस्त आहे, ओढून पीत नाही, टाळू खोल गेलीय, तोंड कोरडं आहे, दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले झालेत, लघवी गडद पिवळी आहे: यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) भरला, तर उकाड्यानं असेल असं स्वतः ठरवू नका, त्याच दिवशी दाखवा. झटका आला किंवा बाळ जागं होईना, तर तिथल्या तिथं १०८.

सीमाभागात अशा वेळी ‘मिरजेला न्यायचं की बेळगावला’ यावर चर्चा रंगते. आधी जवळच्या तालुक्याच्या दवाखान्यात न्या, पुढं कुठं ते तिथं ठरेल. १०८ कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही. वाटेत कपडे काढा, साध्या पाण्याच्या फडक्यानं अंग पुसत राहा, बर्फ किंवा स्पिरिट लावू नका, बाळ शुद्धीत असून ओढत असेल तर पाजत राहा. आणि तायी कार्ड (कर्नाटकात आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींची नोंद ठेवणारं सरकारी कार्ड) पिशवीत टाकायला विसरू नका, लसी कुठल्या झाल्यात हे तिथं पहिल्यांदा विचारतात.