एफएससीके चालवण्याआधी: डिस्क खरंच सुटली आहे का?

माझ्या घरच्या डेबियन लिनक्स सर्व्हरला बॅकअपची ४ टीबीची डिस्क आहे, एक्सट४ फाइलसिस्टिमची, म्हणजे फायली मांडून ठेवायच्या त्या पद्धतीची. गेल्या पावसाळ्यात रात्रीतून दोनदा वीज गेली आणि सकाळी डिस्कवर काही लिहिताच येईना. मी डिस्क माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, ‘एरर्स=रिमाउंट-आरओ’ दिलेलं असतं, त्यामुळे गडबड दिसताच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणं बंद करतो. अशा वेळी हात आधी एफएससीकेकडे, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडकडे जातो. जाऊ देऊ नका.

कर्नल म्हणजे जुन्या पद्धतीचा वाणी. डिस्कचा कोणता ब्लॉक (तुकडा) रिकामा, कोणता भरलेला, यातला बराच हिशोब त्याच्या डोक्यात, म्हणजे रॅममध्ये असतो. तुम्ही मागून जाऊन वही दुरुस्त केलीत, तरी त्याला पत्ता नसतो. डिस्क लिहिण्यासाठी माउंट असेल तर तो संध्याकाळी आपले जुने आकडे पुन्हा त्याच पानावर उतरवतो. मग एकच ब्लॉक दोन फायलींच्या नावावर लागतो.

म्हणून आधी ‘फाइंडएमएनटी’ने डिस्क कुठे माउंट आहे ते बघायचं, मग ‘यूमाउंट’ने ती सोडवायची. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘टार्गेट इज बिझी’. मी कंटाळून ‘यूमाउंट -एल’ दिलं. यादीतून नाव गेलं, मी खूश. पण ई२एफएससीके (एक्सट४साठीचा एफएससीके) म्हणाला, डिस्क वापरात आहे, पुढे जाता येत नाही. -एल फक्त पाटी काढतो. उघड्या फायली बंद होईपर्यंत कर्नल डिस्क सोडत नाही. तेव्हा डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारं ‘फ्यूजर -व्हीएम’ आणि माउंटची जागा, हे यूमाउंटच्या आधीच द्यायला हवं होतं. अडवणारा कोण निघाला? माझंच दुसरं टर्मिनल, त्याच फोल्डरमध्ये बसलेलं.

डिस्क सुटली की ‘ई२एफएससीके -एफ’, म्हणजे वरवर ठीक दिसली तरी तो तपासतोच. ‘-एन’ लावलं तर तो काहीच बदलत नाही, पण माउंट असलेल्या डिस्कवर त्याने दाखवलेल्या चुकाही खऱ्या असतीलच असं नाही. ती यादी बघून घाबरू नका.

रूट, म्हणजे सिस्टिम ज्यावर चालते ती फाइलसिस्टिम, चालू मशीनवर सोडवता येत नाही. ग्रबमध्ये (मशीन सुरू करणारा मेनू) कर्नलच्या ओळीला ‘एफएससीके.मोड=फोर्स’ जोडा, बूट होतानाच तपासणी होते. एक्सट४ऐवजी एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर एफएससीके काही न करता परत येतो. तिथे डिस्क सोडवून ‘एक्सएफएस_रिपेअर’.

शेवटी लगेच ‘एको $?’ देऊन ई२एफएससीकेने परत दिलेला आकडा बघा. ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे दुरुस्त झाली, ४ म्हणजे काही चुका तशाच राहिल्यात. मला १ मिळाला, आणि लॉस्ट+फाउंडमध्ये, म्हणजे बेवारस सापडलेल्या फायलींच्या फोल्डरमध्ये, नावात नुसतं ‘#’ आणि आकडे असलेल्या सात फायली.