स्टेशनवरचे जुने घड्याळ घरात लावताना

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर ‘रेल्वेचे घड्याळ’ म्हणून दाखवले जाणारे प्रत्येक घड्याळ स्टेशनवरून आलेले नसते. दोन्ही बाजूंना तबकडी, वर नक्षीदार ब्रॅकेट आणि तबकडीवर ‘व्हिक्टोरिया स्टेशन, लंडन, १७४७’ अशी अक्षरे असलेली घड्याळे सर्रास विकली जातात. पण लंडनचे ते स्टेशन १८६० साली सुरू झाले, आणि १७४७ मध्ये आगगाडी जन्मालाही आली नव्हती. शोभेची वस्तू म्हणून ते घेण्यास हरकत नाही, मात्र त्यासाठी जुन्या वस्तूची किंमत मोजू नये. ‘जी.आय.पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) किंवा ‘बी.बी. अँड सी.आय.’ (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या जुन्या रेल्वे कंपन्यांची अक्षरे असतील तर घड्याळ १९५१ पूर्वीचे असायला हवे, कारण त्या वर्षी या रेल्वे अनुक्रमे मध्य आणि पश्चिम रेल्वेत सामावल्या गेल्या. तरीही अक्षरे आज कोणीही रंगवून देतो. म्हणून घड्याळ उलटे करून पाहावे: पेटी बिडाची आहे की हलक्या पत्र्याची, स्क्रूला सरळ खाच आहे की फुलीची, आणि आतल्या पितळी पट्टीवर पूर्वीच्या घड्याळजींनी टोकदार हत्याराने कोरलेल्या दुरुस्तीच्या तारखा दिसतात का.

त्यानंतर यंत्र कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे. काही घड्याळे चावीची, स्प्रिंग आणि लंबकावर चालणारी असतात. काहींना स्वतःचे यंत्र जवळजवळ नसतेच. स्टेशनातल्या एका मुख्य घड्याळाकडून दर अर्ध्या किंवा एका मिनिटाला विजेचा क्षणिक झटका येतो, विद्युतचुंबक एक दात पुढे सरकवतो आणि काटा टप्प्याने उडी मारतो. या दुसऱ्या प्रकारच्या घड्याळातून दोन वायरी लोंबताना दिसल्या की त्यांना प्लग जोडून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण २३० व्होल्टने त्यातली कॉइल तत्काळ जळते. तेच झटके ठरावीक वेळाने देणारे छोटे सर्किट इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराकडून बनवून घेता येते, आणि काट्याची ती जुनी उडी कायम राहते. यंत्र अगदीच गेले असेल तर जड काटे पेलणारे क्वार्ट्झ मशीन बसवावे. साध्या भिंतीवरच्या घड्याळाचे मशीन लांब काट्यांपुढे हात टेकते. मूळ यंत्र मात्र फेकू नये, तेल लावून डब्यात ठेवावे.

चावीचे यंत्र स्वतः उघडू नये. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटे फाटतात, त्यामुळे तिचा ताण आधी हळूहळू उतरवावा लागतो आणि ते काम घड्याळजीचेच आहे. त्याच्याकडून घड्याळाचे तेल थेंबाथेंबाने घालून घ्यावे. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालण्याचा घरगुती उपाय काही महिन्यांत चिकट काळा लेप होऊन बसतो.

तबकडीबाबत माझे मत थोडे हट्टी आहे: जितके कमी कराल तितके चांगले. मीनाकाम केलेली, म्हणजे काचेसारखा लेप भाजून बसवलेली तबकडी सौम्य साबणाच्या ओलसर कापसाने पुसता येते. रंगवलेली तबकडी मात्र पाणी सोसत नाही. माझ्या पहिल्याच घड्याळावर मी ओला फडका फिरवला आणि सहाचा रोमन आकडा फडक्यावर उतरला. आजही त्या जागी फिकट डाग आहे, आणि तो मी पुन्हा रंगवलेला नाही. अशा तबकडीवर मऊ, कोरडा ब्रशच वापरावा.

पेटीचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने पॉलिशपेपर पाण्यात भिजवून वापरावा, मास्क लावावा आणि धूळ घरात उडू देऊ नये. पेटी पूर्ण वाळली की लगेच गंजरोधक प्रायमर द्यावा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे लोखंड एका रात्रीतही लालसर होते, म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नये. पितळी कडे आरशासारखे चकचकीत करण्याची गरज नाही. तसे केले की नव्या नकली घड्याळात आणि आपल्यात फरक तो काय उरला?

टांगण्याचा विचार सर्वांत आधी करायला हवा, पण तो बहुतेकदा शेवटी होतो. बिडाचे दुतोंडी घड्याळ बाजूला आलेल्या ब्रॅकेटवर लोंबते, त्यामुळे वरचा बोल्ट सतत भिंतीबाहेर ओढला जातो. जिप्समच्या पार्टिशनवर ते कधीही लावू नये. पक्क्या विटांच्या भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट बसवावेत, तेही सोसायटीचे अशा कामाबाबतचे नियम पाहून. मी आधी घड्याळाच्या दुप्पट वजनाचे वाळूचे पोते दोन दिवस ब्रॅकेटला टांगून ठेवतो. आत दिवा हवा असल्यास ट्यूबऐवजी १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावावी आणि तिचा ॲडॉप्टर पेटीबाहेर ठेवावा.

लंबकाचे घड्याळ टांगल्यावर कान द्यावा. टिक आणि टॉक यांच्यातले अंतर समान नसेल तर घड्याळ तिरके आहे. ते सरळ झाल्यावर आठवडाभर फोनशी ताडून पाहावे. मागे पडत असल्यास लंबकाखालचा नट किंचित वर फिरवावा, पुढे जात असल्यास खाली. आठवड्याला एक-दोन मिनिटांचा फरक राहिला तर मी तो तसाच ठेवतो. १९०६ साली प्रमाणवेळ आल्यानंतरही या शहरात बरीच वर्षे तिच्या ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ चालतच होता.