व्हिनिअरच्या नक्षीत गरम वाळूने छटा

व्हिनिअरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, तुकड्यांची फुलापानांची नक्षी सपाट दिसते, कारण पाकळीला सावली नसते. ती रंगाने देऊ नका, गरम वाळूने द्या.

जाड बुडाच्या तव्यात बारीक, धुऊन वाळवलेली वाळू 3-4 सेंमी थर देऊन मध्यम आचेवर तापवा. तळाशी उष्णता जास्त, वर कमी. म्हणून कापलेला तुकडा चिमट्याने उभा धरून कडेकडून खोचला की छटा आपोआप गडद ते फिकी उतरत जाते. आधी त्याच लाकडाची टाकाऊ पट्टी 10 सेकंद खोचून बघा. तेवढ्यात ती काळी पडली, तर आच कमी करा.

घाई इथेच नडते. खूप तापलेल्या वाळूत वरचा पृष्ठभाग करपतो, आतलं लाकूड तसंच राहतं आणि सँडपेपरने घासताना छटा निघून जाते. कोळसा झालेली कड तर ठिसूळ होऊन गळते. मंद आचेवर रंग आरपार मुरतो. हवी त्यापेक्षा किंचित गडद छटा ठेवा, घासल्यावर ती थोडी उतरते.

तापल्याने ओलावा जाऊन तुकडा आक्रसतो, जोडात फट दिसते. ओल्या बोटाने हलकं पाणी लावून, वजनाखाली दाबून ठेवा. मगच नक्षीत बसवा.